समकक्ष

सर्व्हर तळघरात आहे,
जिथे पूर्वी कामगारांचे ओले बूट वाळत.
भिंतीवर अजून खुंट्या आहेत, नंबर घातलेल्या.
एकशेचौदा नंबरला मी कोट अडकवतो
आणि हिरव्या अक्षरांसमोर बसतो.

वर कोत्का. नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार,
बंदरावर क्रेनचे दिवे,
आणि कारखान्याचा तो वास, उकडलेल्या कोबीचा,
ज्याला इथे पैशाचा वास म्हणतात.
सोमवारी ऑडिटवाले येणार.
त्यांना यादी हवी आहे: कोणाला काय उघडता येतं.

यादी सोपी नसते.
हक्क वरून खाली झिरपतात,
या फोल्डरातून त्या फोल्डरात, ओल उतरावी तसे.
वाटेत गाळण्या असतात, कोणी कधी बसवलेल्या,
आणि बसवणारा रेइनो तर निवृत्त होऊन
बेटावरच्या खोपटात मासे धुरावतोय.
म्हणून एकेका नावाला पुसावं लागतं:
वाचू शकतोस? लिहू शकतोस? खोडू शकतोस?
आणि सगळ्यात शेवटी,
तू कोणाइतका आहेस?

कारण इथे एका माणसाला दुसऱ्याइतकं करता येतं.
एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं.
एवढं सोपं फक्त इथेच.

सत्तेचाळीसावं नाव: केत्तुओर्व.
आठ अक्षरांत कोंबलेली ऑर्वोक्की केत्तुनेन,
लाकडाच्या ट्रकांचं वजन लिहिणारी.
फाटकापाशी तिची काचेची खोली,
खिडकीत जिरॅनियम, हातात बोटं कापलेले मोजे.
कोणाइतकी? सुपरवायझरइतकी.
म्हणजे माझ्याइतकी.
साडेचार वर्षं.

मी रेइनोला फोन लावला.
तो बराच वेळ गप्प. मागे लाकूड तडतडत होतं.
मग म्हणाला, तिचा प्रिंटर चालेना रे.
शुक्रवार होता. शेवटची बोट सुटत होती.
देऊन टाकलं सगळं.
काढायचं राहून गेलं.

म्हणजे तिला काय काय उघडता आलं असतं?
पगार. साहेबांची पत्रं.
डॉक्टरांच्या नोंदी, कोणाची फुप्फुसं किती उरली त्याच्या.
आणि ती फाइल, तीन नंबरचं मशीन बंद झाल्यावर
घरी पाठवायच्या एकसष्ट जणांची,
जिच्यात तेविसावी ती स्वतः आहे.

मी दारांची वही काढली,
कोण कुठे कधी शिरलं ते लिहून ठेवणारी.
पानामागून पान: वजनं. वजनं. छपाई. वजनं.
एकदा नाताळच्या जेवणाची यादी,
तिथे तिने एक मासळीचं ताट वाढवलंय.
बाकी काही नाही.
इतकी दारं सताड उघडी
आणि बाई आपली काट्यावर ट्रक घेत बसलेली.

तिला ठाऊक नव्हतं, मी म्हटलं.
किंवा ठाऊक होतं.
वहीत तेवढं कळत नाही.

तीच वही चाळताना
एकसष्ट जणांच्या फाइलपुढे दुसरं एक नाव होतं.
ऑगस्टपासून अकरा वेळा.
बहुतेकदा रात्री, एकदा तर रविवारी.
ते नाव माझं.
मला परवानगी होती. कोणी विचारणार नव्हतं.
माझं नाव त्या यादीत नाही,
हे मी अकरा वेळा पाहून आलो होतो.

कॉफी थंड झाली होती. पंखा घरघरत होता.
मी तिच्यापुढची ती एक ओळ पुसली.
माझ्यापुढची पुसायची सोय नव्हती,
म्हणजे होती, पण मग कुलूप लावणार कोण,
असं मी स्वतःला सांगितलं
आणि एकशेचौदावरून कोट काढला.

सोमवारी आठ वाजता,
ऑडिटवाले अजून बूट झटकत होते, तेवढ्यात फोन.
केत्तुनेनबाई. मागे ट्रकांची रांग, हॉर्न.
प्रिंटर बंद पडलाय, म्हणाल्या.
इतकी वर्षं नीट चालला होता.
तुम्ही काय केलंत?